आरोग्याचे दूरशिक्षण : सौदा पारखून करावा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्याकडे दोन प्रकारच्या जाहिराती सुरू होतात. एक आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या, दुसऱ्या 'घरबसल्या आरोग्य क्षेत्रात डिप्लोमा' देणाऱ्यांच्या. पहिल्या वर्तमानपत्रात येतात. दुसऱ्या झेरॉक्सच्या दुकानाच्या काचेवर चिकटवलेल्या असतात किंवा मोबाईलवरून फिरत येतात. चिमूर, नेरी, भिसी, शंकरपूर अशा ठिकाणी दुसऱ्याच अधिक वाचल्या जातात, आणि वाचणाऱ्यांना हसण्याचे कारण नाही. ज्याचे शिलाईचे किंवा वेल्डिंगचे दुकान आहे, जो फळांची गाडी लावतो किंवा गॅरेजमध्ये हात काळे करतो, त्याने नागपूरला किंवा चंद्रपूरला जायचे म्हटले की तो दिवस दुकान बंद. रोज कॉलेजात बसणे त्याला शक्य नाही. लग्न होऊन आलेल्या सुनेला तर त्याहून नाही. तेव्हा दुकान सांभाळून, घर सांभाळून काही शिकता येईल का, हा प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तरही तितक्याच प्रामाणिकपणे मिळायला हवे. जाहिरातीत ते मिळत नाही, म्हणून हा लेख.

प्रथम कायद्याची बाजू स्पष्ट करू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षणविषयक नियमांनुसार वैद्यक, दंतवैद्यक, परिचर्या म्हणजे नर्सिंग, औषधनिर्माणशास्त्र म्हणजे फार्मसी, फिजिओथेरपी आणि परावैद्यक शाखांतील पदव्या दूरशिक्षणाने देता येत नाहीत. २०१७ च्या आणि त्यानंतर २०२० च्या नियमांत ही बंधने आली. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अनुदान आयोगाने त्या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम, त्यात मानसशास्त्र आणि आहारशास्त्रसुद्धा, दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास मनाई केली. याचा सरळ अर्थ असा की आज कोणी 'पत्राद्वारे डीएमएलटी', 'ऑनलाइन डी. फार्म', 'घरबसल्या नर्सिंग' विकत असेल, तर तो आपल्याला कागद विकत आहे.

हा कागदाचा धंदा आजचा नाही. प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाच्या 'वैद्य विशारद' आणि 'आयुर्वेद रत्न' या परीक्षा जुन्या मंडळींना आठवत असतील. घरी अभ्यास करून, परीक्षा देऊन मिळणारी ही प्रमाणपत्रे भिंतीवर लावून अनेकांनी दवाखाने चालवले. या परीक्षांना कायद्याची मान्यता होती, नाही असे नाही, पण ती १९३१ ते १९६७ या काळातील प्रमाणपत्रांनाच. १९६७ नंतरची प्रमाणपत्रे घेऊन लोक पुढे कित्येक वर्षे रुग्ण तपासत राहिले, आणि जून २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अशा प्रमाणपत्रावर वैद्यकीय व्यवसाय करण्याचा हक्क मिळत नाही. विचार करा, ज्याने तरुणपणी फी भरली, परीक्षा दिली, दवाखाना थाटला, त्याला उतारवयात कळले की आपल्या हाती काही नव्हते. संस्था आपल्या जागी राहिली, फी परत आली नाही. आजच्या जाहिरातींत इलेक्ट्रोपॅथी, आल्टरनेटिव्ह मेडिसिन, कम्युनिटी मेडिकल सर्व्हिस अशी नावे असतात. नावे बदलली, माल तोच.

आपल्या दीनने या बाबतीत फार पूर्वीच इशारा देऊन ठेवला आहे. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात एक हदीस आहे. तिचा आशय असा की ज्याला वैद्यकीचे ज्ञान असल्याचे कोणाला माहीत नाही, त्याने उपचार केला तर होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर आहे. फिकहच्या पुस्तकांत या जबाबदारीची सविस्तर चर्चा झालेली आहे. महाराष्ट्रातही नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय करणे हा १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाखाली शिक्षापात्र गुन्हा आहे. म्हणजे हा सौदा पोलिसांच्या दप्तरात खोटा आहे आणि शरीअतच्या दप्तरातही. हलाल रोजीसाठी दिवसभर घाम गाळणाऱ्याने मुलासाठी असली पाटी विकत घेऊ नये.

आता मेडिकल स्टोअरची गोष्ट, कारण व्यापारी कुटुंबांचा ओढा तिकडे जास्त असतो. दुकान चालवण्याची अक्कल आपल्याकडे पिढ्यांची आहे. माल भरणे, उधारी सांभाळणे, गिऱ्हाईक टिकवणे हे शिकवावे लागत नाही. म्हणून वाटते, एक डिप्लोमा टपालाने मिळाला की झाले. पण किरकोळ औषधविक्रीच्या परवान्याला नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो, आणि डी. फार्म हा दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. त्यानंतर किमान तीन महिन्यांत ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण आहे. यात टपालाला जागा नाही. मग काही जण दुसऱ्याच्या प्रमाणपत्राचे महिन्याला भाडे देऊन दुकान उघडतात. हे जिथे-तिथे चालते असे म्हणून त्याचे समर्थन होत नाही. डॉक्टरने लिहिलेल्या गोळीऐवजी काउंटरवरच्या पोऱ्याने मिळत्याजुळत्या नावाची गोळी दिली, तर काय होते हे प्रत्येक जिल्हा रुग्णालयाला माहीत आहे. त्यापेक्षा घरातील एका मुलाला किंवा मुलीला दोन वर्षे नागपूरला ठेवून रीतसर डी. फार्म करू द्यावे. खर्च एकदाच होतो, आणि भाड्याच्या नावाची टांगती तलवार कायमची जाते. तोवर ज्यांना औषधांचा थोडा व्यापार करायचाच आहे, त्यांनी अन्न व औषध प्रशासनाकडे मर्यादित परवान्याची चौकशी करावी. फार्मासिस्टच्या देखरेखीशिवाय विकता येतात अशी काही औषधे कायद्याने वेगळी काढली आहेत आणि त्यांच्यासाठी असा परवाना असतो.

लॅबोरेटरीचेही तसेच. रक्ताच्या तपासणीचा रिपोर्ट पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरच्या सहीनेच द्यावा, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितले आहे. 'सहा महिन्यांत स्वतःची लॅब' म्हणणाऱ्या पत्रकावर हे लिहिलेले नसते.

आखाती देशांची आशा दाखवणाऱ्यांबद्दलही एक वाक्य लिहून ठेवतो. सौदी अरेबियात आरोग्यसेवेची नोकरी हवी असेल, तर तिथला आरोग्य व्यवसाय आयोग तुमचे प्रमाणपत्र ते देणाऱ्या संस्थेकडूनच पडताळून घेतो आणि वर परीक्षा घेतो. ज्या कागदाला नागपुरात किंमत नाही, त्याला रियाधमध्ये येणार नाही.

मग दूरशिक्षणाने आरोग्यात काहीच नाही काय? आहे, आणि ते थोडके नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १ जुलै १९८९ रोजी सुरू झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. ज्यांची शाळा अर्ध्यावर सुटली अशा हजारो लोकांना पूर्वतयारीच्या वाटेने पदवीपर्यंत नेण्याचे काम या विद्यापीठाने केले आहे. त्याच्या आरोग्य विज्ञान विद्याशाखेने आजवर रुग्णसहायक, आरोग्यमित्र, योगशिक्षक असे शिक्षणक्रम चालवले. यंदा कोणते चालू आहेत आणि कुठल्या अभ्यासकेंद्रावर, हे विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत किंवा नागपूरच्या विभागीय केंद्रात बघून घ्यावे. दिल्लीच्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात १९९१ पासून आरोग्य विज्ञानाची विद्याशाखा आहे. घरी रुग्णाची काळजी कशी घ्यावी, प्रथमोपचार कसे करावेत, असे छोटे शिक्षणक्रम तिने काढले. यातून डॉक्टर होता येत नाही, नर्सही होता येत नाही. होता येते ते डॉक्टर-नर्सच्या हाताखालचा कामाचा माणूस.

अशा माणसाची गरज किती आहे हे आपल्या घरातच बघा. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले अब्बा, मांडीचे हाड मोडलेली नानी, शस्त्रक्रिया होऊन परत आलेली बहीण. त्यांना कुशीवर वळवायचे कसे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचे, नळीने अन्न द्यायचे तर किती आणि कसे, लघवीची पिशवी केव्हा बदलायची, ताप किती चढला की वाट न बघता रुग्णालय गाठायचे, हे माहीत नसल्यामुळे रुग्णालयातून बरा होऊन आलेला माणूस घरात बिघडतो. पर्द्यातल्या बायकांना तर बाईच हवी असते, आणि ती मिळत नाही. रुफैदा अल-अस्लमिया यांनी मदिनेत जखमींची शुश्रूषा केली, खंदकच्या लढाईच्या वेळी जखमी सअद बिन मुआज यांना त्यांच्याच तंबूत ठेवले होते, हे आपण बयानमध्ये अभिमानाने ऐकतो. मग आपल्या मोहल्ल्यातील दोन-चार मुलींनी हे काम शिकून रोजीसाठी केले, तर त्यात कमीपणा कसला?

दुसरे क्षेत्र प्रथमोपचाराचे. चिमूर-वरोरा रस्त्यावर गॅरेज किंवा टायरचे दुकान असलेला माणूस अपघाताच्या जागी अनेकदा सर्वांत आधी पोहोचतो. कोलारा गेटवरून ताडोबात जिप्सी नेणारे चालक, मोहफुले आणि तेंदूपाने वेचायला जंगलात जाणारे मजूर, धानाच्या बांधीत साप चावलेला शेतकरी, या सर्वांच्या बाबतीत पहिला अर्धा तास महत्त्वाचा असतो. रक्त कसे थांबवायचे, मोडलेला हात कसा बांधायचा, सर्पदंशात ब्लेड मारायचे नाही, घट्ट दोरी आवळायची नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही, हलवाहलव न करता थेट रुग्णालयात न्यायचे, इतके जरी बाजारातल्या पन्नास दुकानदारांना नीट येत असेल, तर त्याची किंमत पैशात होत नाही. पोलिसांच्या चौकशीची भीती अनेकांना मागे खेचते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने ती तरतूद मोटार वाहन कायद्यात आली, हे चालक-मालक संघटनांनी आपल्या सभासदांना सांगितले पाहिजे.

छोट्या प्रशिक्षणाची ताकद किती असते याचा दाखला आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८६ पासून गडचिरोलीत काम केले. नवजात बालके मरत होती आणि रुग्णालये दूर होती. त्यांनी ३९ गावांत गावातल्याच थोडे शिकलेल्या बायकांना निवडले आणि बाळाचे वजन घेणे, श्वास मोजणे, ऊब देणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे, इतके सारे शिकवले. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आले. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा अहवाल छापून आला, आणि २०११ पासून देशभरातील आशांच्या कामात घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत आली. त्या बायकांकडे पदवी नव्हती. पण त्यांना शिकवणारा डॉक्टर होता, हातात खरे बाळ होते, आणि चूक झाली तर दाखवून देणारी देखरेख होती. टपालाच्या डिप्लोम्यात नेमके हेच तीन नसते. मला वाटते, या साऱ्या प्रश्नाची नाडी इथे आहे.

कारागिरांसाठी दुसरा दाखला जयपूरचा. जयपूर फूट हा कृत्रिम पाय १९६८ मध्ये अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांच्याबरोबर रामचंद्र शर्मा या कारागिराने घडवला. रामचंद्रजी फारसे शिकलेले नव्हते. टायरच्या दुकानात रबर तापवून घट्ट होताना पाहून त्यांना कल्पना सुचली असे सांगतात. आपल्यात टायरची दुकाने कमी नाहीत! पण रामचंद्रजी सवाई मानसिंग रुग्णालयात वावरत होते, पाय तुटलेले रुग्ण रोज त्यांच्यासमोर होते, आणि डॉक्टर त्यांचे काम तपासत होते. कारागिराचा हात आणि रुग्णालयाची भिंत एकत्र आली तेव्हा ते घडले. आज या क्षेत्राला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, तेव्हा चर्मकामात किंवा रबरात हात बसलेल्या मुलाने तिथला रीतसर अभ्यासक्रम विचारावा.

ज्या मुलाला खरोखर डॉक्टर किंवा नर्स व्हायचे आहे पण शाळा सुटली आहे, त्याला दूरशिक्षण एका वेगळ्या जागी उपयोगी पडते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून बारावी विज्ञान करता येते, आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हेही स्पष्ट झाले की मान्यताप्राप्त मुक्त विद्यालयाचे विद्यार्थी 'नीट' परीक्षेला पात्र आहेत. युनानीच्या बीयूएमएसलाही आता नीटच लागते. मालेगावच्या मन्सुरा येथील तिब्बिया कॉलेज असो की अक्कलकुव्याचे, दार हेच. दुकानावर बसून बारावीचे भौतिक-रसायन करणे कठीण आहे, पण तो रस्ता खरा आहे आणि पुढे कुठेतरी जातो. एएनएमसाठी बारावी पुरते, शाखा कलाही चालते. मात्र तो अभ्यासक्रम पूर्णवेळ करावा लागतो.

भाषेबद्दल एक गोष्ट. आपल्या घरात हिंदी-उर्दू चालते, पण चिमूर भागातील आपली मुले मराठी शाळांत शिकली आहेत. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची पुस्तके मराठीत आहेत आणि रुग्ण झाडीबोलीत बोलतो. जंगलपट्ट्यात पुढे गेलात तर गोंडी आणि माडिया. इंग्रजी येत नाही म्हणून आरोग्याचे काम आपल्याला जमणार नाही, ही समजूत सोडून द्यावी.

फी भरण्यापूर्वी व्यापाऱ्याच्या नजरेने बघावे. माल घेताना आपण वजन करतो, बिल मागतो. इथेही विचारा : या प्रमाणपत्रावर कोणत्या परिषदेत माझी नोंदणी होईल? नोंदणी होत नसेल, तर कोणत्या रुग्णालयात मी कोणते काम करू शकेन? प्रात्यक्षिक किती तासांचे, कोणत्या रुग्णालयात, कोणाच्या देखरेखीखाली? उत्तर लेखी मागा. 'सर्व सरकारमान्य आहे' असे तोंडी सांगून पावतीवर मात्र 'फी परत मिळणार नाही' छापणाऱ्याकडून उठून या. संस्थेला मान्यता असणे वेगळे आणि त्या अभ्यासक्रमाला मान्यता असणे वेगळे, हा फरक एजंट मुद्दाम पुसून टाकतात. अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर मान्यता असलेल्या विद्यापीठांची आणि अभ्यासक्रमांची यादी असते. ती झेरॉक्सवाल्याकडूनच काढून घ्यावी, म्हणजे त्यालाही काचेवर काय चिकटवतो ते कळेल.

आता सरकारच्या धोरणाबद्दल. बंदीमागचा हेतू बरोबर आहे, पुस्तक वाचून कोणी सुई टोचायला शिकत नाही. पण बंदीचा भार कोणावर पडतो तेही बघितले पाहिजे. नागपूरच्या मुलाला पूर्णवेळ कॉलेज घराजवळ आहे. भिसीच्या बाईला नाही. सोयीचे असते तेव्हा सरकारही अर्धवेळ शिक्षण मान्य करते. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर होमिओपॅथी डॉक्टरांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा वर्ग आठवड्यातून दोन दिवस भरू लागला. परिचारिकांना आणि आयुर्वेदाच्या पदवीधरांना उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी करण्यासाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचाच सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम जिल्हा रुग्णालयांत चालवला गेला. इंग्लंडमध्ये तिथल्या मुक्त विद्यापीठातून नर्स होता येते, मात्र विद्यार्थी आधीच एखाद्या रुग्णालयात सहायक म्हणून कामाला असावा लागतो आणि २,३०० तासांचे प्रत्यक्ष काम सुटत नाही. पुस्तक घरी, हात रुग्णालयात. ही पद्धत तिथे चालते, तर चंद्रपूर आणि गडचिरोलीत का चालू नये? चिमूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शिकवायला जागा आणि रुग्ण दोन्ही आहेत.

म्हणून चिमूरच्या मस्जिद कमिट्यांनी आणि व्यापारी मंडळींनी मिळून दोन अर्ज करावेत असे सुचवतो. एक मुक्त विद्यापीठाच्या नागपूर विभागीय केंद्राकडे, की रुग्णसहायक पातळीच्या शिक्षणक्रमाचे अभ्यासकेंद्र तालुक्यातील महाविद्यालयात द्यावे आणि संपर्कसत्रे सुट्टीच्या दिवशी ठेवावीत. दुसरा जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, की त्याची प्रात्यक्षिके उपजिल्हा रुग्णालयात होऊ द्यावीत. अर्जांवर केवळ आपल्या मोहल्ल्याच्या नव्हे, तर बाजारातील सर्व दुकानदारांच्या सह्या घ्याव्यात. जे खरोखर प्रवेश घेणार आहेत त्यांची यादीही जोडावी, नाव, वय, शिक्षण आणि दिवसातले कोणते तास मोकळे आहेत ते लिहून. नुसती मागणी फाइलीत पडून राहते. पंचवीस-तीस नावांची यादी असली, तर केंद्राला निदान उत्तर तरी द्यावे लागते. प्रवेश जूनच्या आसपास सुरू होतात, तेव्हा हे काम उन्हाळ्याच्या आधी उरकावे.